वहिनीचा उडणारा भट्टीवाला

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी दहा वर्षांची होते. तिच्याआधी तिचं इंग्रजी आमच्या घरी येऊन पोचलं होतं.

सोयरीक जुळवणाऱ्यानं सांगितलं होतं, पोरगी मिडलपर्यंत, म्हणजे सातवी-आठवीपर्यंत, शिकली आहे, इंग्रजी वाचते. चामोर्शीकडच्या एका खेड्यातली, धानाच्या शेतकऱ्याची मुलगी इंग्रजी वाचते, याचं बाबांना इतकं अप्रूप वाटलं की पुढचं काही त्यांनी विचारलंच नाही. बाबा नागभीड स्टेशनात नोकरीला होते. पोर्टर म्हणून लागले आणि चढत चढत पार्सलच्या खोलीपर्यंत पोचले. इंग्रजी म्हणाल तर गावांची नावं आणि आकडे, एवढंच. वरून कागद आला की तो हातात धरून त्यांना स्टेशनमास्तरांच्या टेबलापाशी उभं राहावं लागे. माझा भाऊ इंजिनावर फायरमन होता. त्याचं इंग्रजी बाबांइतकंही नव्हतं. त्यामुळे लग्नानंतर महिनाभर बाबा जो भेटेल त्याला सांगत, "आमची सून इंग्रजी वाचते."

पण तिला वाचायला सांगणार कोण? सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायची पद्धत नव्हती. बाबा ओसरीवर आले की वहिनी पदर ओढून आत जायची. कागद आला की बाबा मुकाट्यानं मास्तरांकडेच जात.

आमच्या क्वार्टरच्या ओळीत शेवटी एक अँग्लो-इंडियन गार्ड राहत असे. त्याची मुलं मोठी होऊन दूर कुठं तरी गेली होती. त्याची बदली झाली, सामान बांधलं गेलं, आणि जाताना तो एक पत्र्याची पेटी बाबांच्या हवाली करून गेला. पेटीत त्याच्या मुलांची चित्रांची पुस्तकं होती. पातळ, रंगीत, काहींची वरची पानं फाटलेली, काहींवर चहाचे डाग. बाबांनी पेटी माझ्यापुढे ठेवली आणि आतल्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे तुझ्या वयनीले दे. म्हणा, वाचून दाखव."

मी नाचतच आत गेले. वहिनी सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी वरचं पुस्तक तिच्या मांडीवर टाकलं. तिनं ते उघडलं, आणि बराच वेळ नुसती पाहत राहिली. मला वाटलं, मनात वाचते आहे. बाहेर बाबा खाकरले. आईनं चुलीपासून मान वळवली. मग वहिनीनं पहिल्या चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "एक होता भट्टीवाला."

चित्रात पांढरा ॲप्रन बांधलेला एक धिप्पाड माणूस भट्टीतून पाव काढत होता. पुढच्या पानावर तोच माणूस अंगाला घट्ट हिरवे कपडे, पाठीवर पिवळी झूल आणि छातीवर सूर्य, अशा थाटात छपरातून वर उडाला होता. त्यानं घट्ट विजारीवरून लाल चड्डी घातली होती. वहिनी क्षणभर थांबली, आणि मग जी सुटली ती शेवटच्या पानापर्यंत थांबलीच नाही. ती संपवून वर पाहते तो आई चूल विसरून दारात उभी होती.

त्या दिवसापासून रोज दुपारी वाचन होऊ लागलं. जेवणं झाली, भांडी झाली की वहिनी ओसरीवर यायची. आई भिंतीकडे तोंड करून पडायची आणि झोपल्याचं सोंग करायची. शेजारच्या गल्लीतली मुसलमान शेजारीण यायची, तिला आम्ही सगळे खाला म्हणायचो. त्यांचे मालक, म्हणजे त्यांचा नवरा, बाजारात शिवणकाम करायचे. बटणं टाचायचं काम खाला घरी आणत आणि आमच्या ओसरीवर बसून करत. त्यांना कुठलीच लिपी येत नव्हती, पण चित्रावरची एकही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

"बहू, एक बात बता," पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं. "इसने चड्डी ऊपर से काहे को पहनी?"

मीही तेच विचारणार होते. वहिनीनं पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, ओळीवरून बोट फिरवलं आणि गंभीरपणे म्हणाली, "लिवलं आहे ना जी. लोकं हाका मारून राह्यले, याले टाइमच नाई भेटला. जे हाती आलं ते चढवलं."

हसता हसता खालांनी बोटात सुई टोचून घेतली. भिंतीकडे तोंड केलेल्या आईची पाठ हलत होती.

दुसऱ्या दिवशी खाला मालकांचं मत घेऊन आल्या. त्यांच्या मते त्या झुलेला चांगलं चार वार कापड लागलं असतं, आणि उडताना वारा भरला की गळ्याला फास बसलाच असता. वहिनीनं ते ऐकून घेतलं. त्या दुपारच्या गोष्टीत भट्टीवाला उडता उडता एका शिंप्याच्या दुकानात उतरला आणि म्हणाला, "भाऊ, जरा गळा ढिला करून द्या, जीव गुदमरून राह्यला." शिंप्यानं गळा ढिला करून दिला. चित्रात तर तो एका उंच घराच्या गच्चीवर कुणा म्हाताऱ्याशी बोलत होता. पण खालांनी त्या म्हाताऱ्याकडे निरखून पाहिलं आणि मान डोलावली. "हां, दर्जीच है. चष्मा देखो ना."

प्रत्येक पुस्तकात एक उंच काळी टोपी घातलेला, काडीसारखा माणूस असे. तो सगळ्यांना छळत असे. वहिनीनं त्याला मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार, करून टाकलं. आमच्याकडे मालगुजारी नुकतीच गेली होती आणि गेलेल्या मालगुजारांविषयी प्रत्येकाच्या मनात काही ना काही साठलेलं होतं. त्या टोपीवाल्यानं एका पुस्तकात सगळं शहर बर्फात गोठवलं होतं. वहिनीच्या वाचनात त्यानं तलावाचं पाणी अडवलं, धान करपायला लागलं, बायका घागरी घेऊन तलावाच्या बांधावर, पाळीवर बसल्या. मग भट्टीवाला आमच्या गावाजवळच्या सातबहिणीच्या डोंगरावरून उडत आला आणि एका बुक्कीत पाळ फोडली. "मालगुजार वाहत वाहत पार घोडाझरीच्या तलावापर्यंत गेला. टोपी तेवढी वर तरंगत होती," वहिनी म्हणाली, आणि आई सोंग विसरून उठून बसली. "बरं झालं मुडद्याचं!"

मारामारीच्या चित्रांवर मोठमोठी वाकडी अक्षरं असत. तिथं वहिनी आवाज काढायची: धडाम, फटांग, भुस्स. कुठल्या अक्षरांना कुठला आवाज, हे तिचं ठरलेलं होतं. दोन महिन्यांपूर्वी ज्या आकाराला तिनं फटांग म्हटलं, तोच आकार दुसऱ्या पुस्तकात दिसला की ती फटांगच म्हणायची. एकदाही चुकली नाही. तिला इंग्रजीचं एकही अक्षर येत नव्हतं आणि तरी ती शब्दाचा आकार डोक्यात ठेवत होती, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी स्वतः मास्तरीण झाले होते. माझ्या वर्गात अशी मुलगी मला मिळाली असती तर मी तिला डोक्यावर घेऊन नाचले असते.

दुपारचं ते हसणं बाबांच्या कानावर जाई. ड्युटी नसली की तेही मागच्या अंगणात खाट टाकून पडत आणि ऐकत. संध्याकाळी स्टेशनात जाऊन ते भट्टीवाल्याचा पराक्रम पार्सलच्या खोलीत सांगत, आणि शेवटी हमखास म्हणत, "इंग्रजीतून वाचून दाखवते आमची सून."

असं दीड-दोन वर्षं चाललं. पेटीतली पुस्तकं सगळी मिळून पंधरा-वीस असतील, पण ती संपलीच नाहीत. तेच पुस्तक दुसऱ्यांदा निघालं की गोष्ट पुढे गेलेली असे. मी एकदा म्हटलंही, "वयनी, मांगच्या टाइमाले तं हा मेला होता." ती शांतपणे म्हणाली, "मेला नव्हता बाई, बेसुद झाला होता. तेवढं बारीक अक्षर माह्याकडून सुटलं होतं."

या दिवसांत मला पाचवीत इंग्रजी सुरू झालं. मला ते भराभर येऊ लागलं. मास्तरांनी मला उभं करून साऱ्या वर्गापुढे वाचायला लावलं, आणि मी फुगले. सहावीत गेले तेव्हा मी वर्गात पहिली होते. ही बातमी मी घरी आणली त्याच दिवशी ब्रह्मपुरीहून आत्या आणि मामाजी आले होते. आत्याचे मालक, म्हणजे आमचे मामाजी, शाळामास्तर होते. बाबांना त्यांच्यापुढे नेहमी जरा दबल्यासारखं होई. म्हणून की काय, जेवणं झाल्यावर बाबा मुद्दाम म्हणाले, "आज भट्टीवाल्याचं वाचन होऊ द्या. पाहुण्यायले पण ऐकू द्या."

वहिनी दाराच्या आड बसून वाचू लागली. आत्या पोट धरून हसू लागली. मामाजीही हसत होते. खाला होत्या. सगळे तिच्याकडे कान लावून होते आणि माझ्या पहिल्या नंबराबद्दल कुणी एक शब्द बोललं नव्हतं. मी वहिनीच्या खांद्यावरून पानात पाहत होते. मी आजवर नुसती चित्रं पाहत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी अक्षरांकडे पाहिलं, आणि ती मला वाचता आली.

वहिनी म्हणत होती, "मंग भट्टीवाला मालगुजाराले म्हणते, 'काऊन बे, गरिबाच्या म्हशी कुठी नेऊन राह्यला?'"

"असं नाई लिवलं इथं," मी म्हटलं.

वहिनीचं बोट जागच्या जागी थांबलं.

"इथं लिवलं आहे, स्टॉप थीफ. थीफ म्हणजे चोर. म्हशीचं काईच नाई."

"असन बाई," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "मले तसं वाटलं." आणि तिनं पान उलटलं. ती मला वाट करून देत होती. मी तिथं गप्प बसले असते तर सगळे हसले असते आणि गोष्ट पुढे गेली असती. खालांनी माझ्याकडे पाहून बारीकशी मान हलवली होती, नको म्हणून. मी ती पाहिली होती.

मी पुढच्या पानावरच्या सगळ्यात सोप्या शब्दावर बोट ठेवलं. "हे वाचून दाखव, वयनी. तीनच अक्षरं आहेत."

ती त्या तीन अक्षरांकडे पाहत राहिली. तिच्या कपाळावर घाम आलेला मला अगदी जवळून दिसत होता. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. मला जिंकल्यासारखं वाटलं. "रन," मी मोठ्यानं म्हटलं. "रन म्हणजे पळ. एवढंही येत नाई?"

मामाजींनी चष्मा काढला आणि बाबांना विचारलं, "मिडल शिकलेली आहे ना सूनबाई?"

बाबा उठले, चपला घातल्या आणि स्टेशनाकडे निघून गेले. त्या दिवशी त्यांची ड्युटी नव्हती.

मग आईचं तोंड सुटलं. खोटं बोलून पोरगी आमच्या गळ्यात बांधली, गावात आमचं हसू केलं, दोन वर्षं रोज तोंडावर खोटं बोलत राहिली. जी बाई रोज भिंतीकडे तोंड करून हसली होती तीच हे बोलत होती. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि मग एवढंच म्हणाली. "मले इंग्रजी येते असं मी कईच नाई म्हटलं, आई. मले कोणी इचारलंच नाई."

आठवड्यानं तिच्या वडलांना बोलावणं गेलं. ते आले आणि अंगणातच उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. बाबांपुढे हात जोडून म्हणाले, "माही चूक झाली जी. आमच्या गावात चौथीच्या पुढं शाळा नाई. पोरगी हुशार आहे, असं मी सोयरीक जुळवणाऱ्याले सांगतलं होतं. हुशारचं मिडल झालं अन् मिडलचं इंग्रजी. मी अडवलं नाई, चांगलं घर होतं म्हणून." बाबा मान खाली घालून ऐकत होते. आईनं वहिनीचं गाठोडं आधीच बांधून ठेवलं होतं. भाऊ तेव्हा इंजिनावर होता. तो परत आला तेव्हा त्याची बायको घरात नव्हती.

ती गेली आणि दुपारी घर सुनं पडलं. खाला बटणं घेऊन एकदा आल्या, ओसरीच्या पायरीवर बसल्या, माझ्याकडे पाहिलं आणि उठून गेल्या. त्यानंतर त्या मला रस्त्यात भेटल्या तरी पूर्वीसारख्या 'बेटी' म्हणाल्या नाहीत.

त्या सुट्टीत मी पेटी उघडली आणि शब्दकोश घेऊन ती पुस्तकं खरीखुरी वाचली. भट्टीवाला दर वेळी बँकेत शिरलेल्या चोरांना पकडत होता. टोपीवाला दर वेळी तुरुंगात जात होता आणि पुढच्या पुस्तकात सुटून येत होता. दोघं एकमेकांना थांब, पळ, घे, असंच काहीबाही म्हणत. चित्रं गमतीची होती, तो घट्ट विजारवाला छाती काढून उभा राहिला की अजूनही हसू येई. पण म्हशी नव्हत्या, तलाव नव्हता, गळा ढिला करून देणारा शिंपी नव्हता. चौथं पुस्तक मी अर्ध्यात सोडलं. वाचता येत असूनही कंटाळा आला, असं माझ्या बाबतीत पहिल्यांदा घडलं.

सात-आठ महिन्यांनी भाऊ कुणाला न विचारता चामोर्शीकडे गेला आणि वहिनीला घेऊन आला. आई चार दिवस बोलली नाही, मग बोलू लागली. बाबा तर तिच्याशी आधीही बोलत नव्हते. घर पुन्हा सुरू झालं. मी पेटी तिच्यापुढे ठेवली. तिनं ती हातानं बाजूला सरकवली आणि कणीक मळायला घेतली. मागून खाला आल्या आणि त्यांनी विचारलं, "बहू, वो उडनेवाले का आगे क्या हुआ?"

"तो गेला जी, आपल्या गावाले," वहिनी म्हणाली.

ती पुस्तकं पुढे कुठं गेली, मला आठवत नाही. काही चुलीत गेली असतील. मी शिकत गेले, जिल्ह्याच्या गावी चांद्याला राहिले आणि इंग्रजी शिकवणारी मास्तरीण झाले. तीस वर्षं मी मुलींना सांगत आले की चुकलं तरी वाचा, थांबू नका. वहिनीला शिकवावं असं माझ्या मनात कितीदा तरी आलं. एकदा तिच्यासाठी इंग्रजीचं पहिलं पुस्तक विकतही घेतलं. पण ते तिच्या हातात द्यायचं म्हणजे तीच तीन अक्षरं पुन्हा तिच्यापुढे धरायची. मला धीर झाला नाही.

माझे केस पिकल्यावर एकदा मी तिला म्हटलं, "वयनी, त्या दिवशी मी मामाजींपुढे..." ती पापड लाटत होती. तिनं मला पुरं बोलू दिलं नाही.

"तुमी खरं तेच तं बोलल्या, बाई. खरं बोलल्याचं काऊन वाईट वाटून घेता?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. मग मी विचारलं, मालगुजार वाहून गेल्यावर पुढे काय झालं होतं? तिनं आठवून पाहिलं. "काय माहीत. तवा तोंडात येत गेलं, मी बोलत गेली. माहं सारं ध्यान याच्यातच, कोणी अक्षर इचारते का म्हणून."

वहिनी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्या तेराव्याला आम्ही बायका बसलो होतो तेव्हा मी तिच्या थोरल्या मुलीला त्या दुपारच्या वाचनांचं सांगितलं. भट्टीवाला, चड्डी, खालांच्या मालकांचं कापडाचं माप, सगळं. मी सांगत गेले, पण हसू कुणाला आलं नाही. माझ्या तोंडी ती गोष्ट मास्तरणीसारखी निघत होती. पोरगी माझ्याकडे पाहत राहिली.

"आत्या, तुमी दुसऱ्या कोणाचं सांगून राह्यल्या का? आमच्या आईनं आमाले जन्मात एक गोष्ट सांगतली नाई. झोपताना म्हटलं तरी म्हणे, मले येत नाई, तुमच्या बाबाले सांगा."

मी म्हटलं, तुझ्या आईचंच आहे. तिला ते पटलं नाही. तिनं विषय बदलला आणि पाहुण्यांच्या पानांचं बघायला आत गेली.